भिंत, खटका आणि निरोप : विजेच्या जुन्या बटणाची गोष्ट (थ्रेड)

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातून लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजले, तेरा दालने. अशा नव्या वास्तूत वीज कशी खेळवायची हे भिंत उभी राहण्यापूर्वीच कागदावर ठरते. भोवतालच्या गावांत आणि तांड्यांत मात्र तीस-चाळीस वर्षांपूर्वी ठोकलेले लाकडी बोर्ड, त्यांवरची काळी किंवा पिवळट पडलेली बटणे आणि त्यांच्यामागचा तारांचा गुंता अजून नांदतो आहे.

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, मोबाइलवरून दिवा लावण्याची सोय आईवडिलांसाठी करू म्हणतो, आणि प्रश्न उभा राहतो : हा जुना बोर्ड उखडायचा, की त्याच बटणाला नवे काम द्यायचे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे, आणि ते इंग्लंड-अमेरिकेत एक येते, महाराष्ट्रात दुसरेच.

प्रथम एक साधी गोष्ट. बटणाला भिंत लागते. बंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके मीठ आणि धान्याची लदेणी करीत बैलांच्या पाठीवर देश पालथा घालत होते. त्यांचा उजेड त्यांच्याबरोबर चालत असे. रेल्वे आली, लदेणी बुडाली. १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून पूर्ण झाला, तेव्हा बैलांच्या वाहतुकीचा कणाच मोडला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच अनेक भटक्या समूहांच्या वाट्याला आला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तांडा स्थिरावला, भिंती उभ्या राहिल्या, आणि मग कधीतरी त्या भिंतीवर बटण आले. शहरातल्या घराने वीज घेतली ती जुन्या भिंतीत. तांड्याच्या बाबतीत भिंत आणि बटण यांच्यात फार तर एक-दोन पिढ्यांचे अंतर आहे.

मराठीत या वस्तूला तीन नावे आहेत. ‘बटण’ पोर्तुगीज-इंग्रजी वळणाचे. ‘कळ’ जुनी, यंत्राच्या कोणत्याही चावीला लागू पडणारी. आणि ‘खटका’. हा शब्द सरळ आवाजावरून आला, आणि गंमत अशी की बटणाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शोध नेमका त्या आवाजातच आहे.

विजेचे दिवे घरात येऊ लागले त्या काळात दिवा बंद करणे हे धोक्याचे काम होते. तेव्हाचा प्रवाह एकदिश होता. दोन धातूच्या पट्ट्या हळूहळू दूर केल्या की त्यांच्यामधल्या फटीत ठिणगी पेटे आणि पेटतीच राही. पट्ट्या वितळत, भोवतालचे लाकूड करपे. १८८४ साली न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स या अभियंत्याने यावर उपाय शोधला. बोट कितीही सावकाश फिरवले तरी आतली स्प्रिंग पट्ट्यांना झटक्यात विलग करील अशी रचना त्याने केली. ठिणगीला रुजायला वेळच उरला नाही. तो जो ‘खट्’ असा आवाज होतो, तो त्या स्प्रिंगचा. पुढे उलटसुलट प्रवाह आला. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपसूकच विझू लागली. तरी खटका राहिला. आज मोबाइलवरून दिवा लावला की भिंतीमागून बारीकसा ‘टिक्’ ऐकू येतो. तो रिलेचा आवाज म्हणजे होम्सच्या खटक्याचाच वंशज होय.

मुंबईत विजेचे दिवे प्रथम चमकले ते १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये. तो प्रयोग करणारी कंपनी लवकरच बुडाली आणि शहर पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळले. खरी सुरुवात १९०५ ची : त्या वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या ‘बेस्ट’ची पूर्वज, उभी राहिली. त्याच १९०५ मध्ये वऱ्हाडातला तेव्हाचा वाशीम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटण्यात आला. तो पुन्हा स्वतंत्र व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. या साऱ्या काळात पोहरादेवीच्या परिसरात उजेड म्हणजे चिमणी, कंदील आणि यात्रेत पेट्रोमॅक्स.

बटणाची बाह्य रूपे मात्र शहराच्या वाटेने खेड्यात यायची होती. आरंभी पितळेची टोपी आणि चिनीमातीचा तळ. १९०७ मध्ये लिओ बेकलंड याने बेकेलाइट शोधले आणि काळ्या, गोल, पुढे नाकासारखी दांडी असलेल्या बटणांचे युग आले. लाकडाच्या गोल ठोकळ्यावर बसवलेले ते काळे बटण जुन्या वाड्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत अजून सापडते. तारा सागवानी पट्टीवरून कथलाच्या क्लिपांनी बांधून नेत, किंवा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून. १९६३ साली मुंबईत अँकर कंपनी सुरू झाली, आणि पुढच्या दशकांत सनमायका लावलेल्या लाकडी पेटीवरचे सपाट ‘पियानो’ बटण घराघरांत पोहोचले. २००७ मध्ये त्या कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या मात्सुशिता समूहाने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, घेतला. मॉड्युलर बटणे ही त्यानंतर सर्वदूर पसरलेली चाल. लाकडी बोर्डाला सुतार लागे, मॉड्युलरला लागत नाही. या एका फरकाने किती हातांचे काम गेले याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

आता तांड्याच्या विजेकडे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढले. ‘गावोगावी वीज’ हे वाक्य त्या काळातल्या भाषणांत सतत येते. पण ‘गावात वीज आली’ याचा सरकारी अर्थ काय होता हे पाहण्यासारखे आहे. १९९७ पर्यंत महसुली गावाच्या हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव ‘विद्युतीकृत’ मानले जाई. शिवारातल्या एका विहिरीवर मोटार चालली की झाले. १९९७ मध्ये वीज वस्तीत पोहोचली पाहिजे असे ठरले. २००४ मध्ये त्याहून पुढे जाऊन किमान दहा टक्के घरांत आणि शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, अशी अट आली.

ही व्याख्या तांड्यांच्या दृष्टीने कळीची होती. तांडा बहुधा स्वतंत्र महसुली गाव नसतो. तो कुठल्या तरी गावाच्या हद्दीतली वस्ती असतो, गावठाणापासून दूर, माळावर किंवा डोंगराच्या कुशीत. गावठाणात खांब उभे राहिले की कागदोपत्री तांडाही उजळून निघे. प्रत्यक्षात तिथे कंदीलच. आणि हे सारे घडत होते ते बंजारा समाजातून आलेले, शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या महाराष्ट्रात. त्यांच्या नावाची तांडा-वस्ती सुधार योजना पुढे आली, आणि तिच्या कामांत पाणी, रस्ता यांबरोबर वीजही होती.

१९८८-८९ मध्ये केंद्राची कुटीर ज्योती योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील घराला एक दिवा, एक जोडणी. अनेक घरांत भिंतीवर आलेले पहिले बटण हे असे होते : एक पाटी, एक खटका, छताच्या वाशाला लोंबकळणारा होल्डर. पुढे कमाई वाढली तसे त्याच पाटीवर वायरमनने दुसरे बटण जोडले, मग पंख्याचे, मग टीव्हीसाठी प्लग. आजचा बोर्ड हा असा थराथराने वाढलेला आहे. तो उघडला की घराची आर्थिक चढण दिसते. आतल्या तारा तीन वेगवेगळ्या दशकांतल्या असतात.

आणि इथेच मूळ प्रश्नाच्या उत्तराचा धागा सापडतो.

भिंतीतील बटणामागे लपणारे ‘स्मार्ट’ यंत्र म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. तिच्यात एक रिले, एक लहान संगणक-चिप आणि वायफायची सोय. चिपला चोवीस तास जागे राहण्यासाठी वीज लागते, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही लागते. परंतु दिव्याच्या बटणाला मुळात न्यूट्रलची गरज नसते. बटण फेजची एक तार तोडते आणि जोडते, इतकेच. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दिव्याच्या बटणाची पेटी वेगळी, प्लगची वेगळी. न्यूट्रल छतावरच्या दिव्यापाशीच थांबते, बटणापर्यंत उतरतच नाही. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये ‘एक्स-टेन’ नावाची, घराच्या वीजतारांतूनच संदेश पाठवणारी पद्धत काढली, तेव्हापासून ही अडचण छळत आली. तोडगा असा की यंत्राने आपल्यापुरता किंचित प्रवाह दिव्यातूनच ओढून घ्यायचा. तारेच्या जुन्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. एलईडी आले आणि बंद दिवे रात्री भुतासारखे मिणमिणू लागले. शेवटी अमेरिकेच्या २०११ च्या वीजसंहितेत बटणाच्या पेटीपर्यंत न्यूट्रल नेण्याची अट घालावी लागली.

भारतात हे बहुतांश आपोआपच झाले होते. कारण आपला बोर्ड हा एकत्र कुटुंबासारखा : दिव्याची बटणे, पंख्याचा रेग्युलेटर, इंडिकेटर आणि खाली तीन गोल भोकांचा पाच अँपिअरचा प्लग, सारे एका पाटीवर. प्लगला न्यूट्रल लागतेच, म्हणून ते बोर्डापर्यंत येतेच. तो गोल खुंट्यांचा प्लग ब्रिटिशांनी इथे ठेवला आणि स्वतः १९४७ मध्ये चौकोनी खुंट्यांच्या नव्या मानकाकडे वळले. वसाहतीचा हा जुनाट वारसा, आणि तारांची बचत करणारी वायरमनची काटकसर, यांच्यामुळे मानोरा तालुक्यातला पियानो बटणांचा बोर्ड न्यूयॉर्कमधल्या जुन्या सदनिकेपेक्षा या बाबतीत अधिक सज्ज निघतो. हे कोणी ठरवून केलेले नव्हते.

मग जुन्या बटणाचे काय होते? ते उखडले जात नाही. त्याच्या दोन तारा दिव्याच्या मार्गातून काढून डबीच्या दोन लहान टोकांना जोडतात. दिव्याचा प्रवाह आता रिलेतून जातो, आणि बटण फक्त डबीला कळवते : कोणीतरी खटका हलवला. ज्या बटणातून इतकी वर्षे वीज वाहत होती त्यातून आता निरोप वाहतो. बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही. आजीचे बोट पूर्वीच्याच जागी जाते. याच कारणाने वयस्क माणसांच्या घरात ही पद्धत टिकते. काचेच्या स्पर्शपाटीवर अंधारात बोट चाचपडते, खटका हाताला लागतो.

या बदलात एक अर्थ मात्र हरवतो. आपल्याकडे दांडी खाली म्हणजे चालू, अमेरिकेत वर म्हणजे चालू. नव्या व्यवस्थेत मोबाइलनेही दिवा बदलत असल्यामुळे दांडीच्या स्थितीवरून काहीच कळत नाही; प्रत्येक हालचाल म्हणजे ‘आहे त्याच्या उलट कर’. हे नवे नव्हे. जिन्याच्या टू-वे बटणाने हाच धडा फार पूर्वी दिला होता : खालचे बटण वर असते, वरचे खाली, आणि दिवा मात्र कोणत्याही एकाने लागतो. ज्या घराला जिना होता त्याला ही सवय होती. एकमजली घराला ती आता होते आहे.

जुन्या बटणाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि साठ वॅटच्या पिवळ्या बल्बची जागा नऊ वॅटच्या एलईडीने घेतली. साठ वॅटला २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर प्रवाह लागे, नऊ वॅटला त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा. पाच-सहा अँपिअरसाठी घडवलेले बटण त्या मानाने रिकामेच बसले होते. निरोप्याचे काम मिळाले की ते आणखी हलके होते, आणि इथे एक विचित्र दोष उद्भवतो. जुन्या संपर्कपट्ट्यांवर काळसर थर साचतो. दिव्याचा प्रवाह तो थर जाळून पार जाई. निरोपाचा क्षीण प्रवाह जाऊ शकत नाही. परिणामी चाळीस वर्षे निमूटपणे चाललेले बटण नव्या कामात कधी ऐकते, कधी ऐकत नाही. यंत्र बिघडले अशी तक्रार होते, आणि बोर्ड उघडल्यावर दोष पितळेवरच्या काळोखीत सापडतो. अशा वेळी तेवढे एक बटण बदलणे शहाणपणाचे.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलच्या मार्गात एकटे बटण बसवण्यास मनाई केली होती. ते फेजमध्येच हवे. लाल तार फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा संकेतही जुना. पण थराथराने वाढलेल्या बोर्डात हाताशी असेल ती तार वापरलेली असते. बटण न्यूट्रल तोडते आहे, म्हणजे दिवा बंद दिसतो आणि होल्डरमध्ये फेज जिवंत असते, असे बोर्ड कमी नाहीत. दिवा बदलताना झटका बसतो तो यामुळेच. नवी डबी बसवायला वायरमन टेस्टर लावतो तेव्हा हे प्रथमच उघड होते. शिवाय अनेक स्वस्त डब्यांत निरोपाची टोकेसुद्धा मुख्य विजेच्याच दाबावर असतात; ‘आता बटणात वीज नाही’ असे समजून ओल्या हाताने ते उघडणे जिवावर बेतू शकते. मेन स्विच खाली पाडणे आणि परवानाधारक वायरमन बोलावणे, याला पर्याय नाही.

पण दुरून चालणारा खटका महाराष्ट्रात घराआधी शेतात आला, हे शहरी वाचकाला बहुधा ठाऊक नसते. शेतीच्या वाहिन्यांवर वीज पाळीने मिळे : दिवसा आठ तास किंवा रात्री दहा. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे आणि स्टार्टरचे हिरवे बटण दाबायचे. वाटेत साप, विंचू, रानडुकरे. ओल्या जमिनीवर गंजका लोखंडी स्टार्टर. वीज गेली की पंप सुटे, ती परतली की पुन्हा तीच पायपीट. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या वृद्ध आजोबांची अशी पायपीट पाहिली होती. त्यांनी घडवलेला ‘नॅनो गणेश’ हा संच जुन्या स्टार्टरलाच जोडला जाई. साध्या मोबाइलवरून अंक दाबले की पंप सुरू किंवा बंद होई, आणि वीज आहे की नाही हेही घरबसल्या कळे. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. तत्त्व तेच : जुना खटका जागेवर ठेवा, त्याच्यापर्यंत निरोप पोहोचवा.

त्याच शिवारात उलटे उदाहरणही आहे. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ‘ऑटो स्विच’ शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर बसवला. माणूस म्हणून विचार केला तर त्यांचे चुकले नाही. मध्यरात्री कोण उठणार? पण वीज परतताच एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी भार ओढतात आणि रोहित्र जळते. मग ऐन हंगामात ते बदलून मिळेपर्यंत साऱ्यांचीच पिके सुकतात. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करत आली आहे.

घरातल्या डबीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो : वीज जाऊन परत आली तर दिव्याने काय करावे? लागावे, बंद राहावे, की पूर्वीच्या स्थितीत जावे? भारनियमनाच्या वर्षांत, विशेषतः २००५ नंतर, ग्रामीण महाराष्ट्राने याचे स्वतःचे उत्तर शोधले होते. घरातले एक बटण मुद्दाम चालू ठेवत. तो दिवा लागला की ‘लाइट आली’ हे कळे, आणि मग कोणी पिठाच्या गिरणीकडे धावे, कोणी पाण्याची मोटार लावी. बटणाची दांडी ही त्या घराची स्मृती होती. अंधारातही ती आपली जागा सोडत नसे. डबी आपली स्मृती चिपमध्ये ठेवते, आणि ती स्थिती कोणती असावी हे बसवतानाच निवडावे लागते. ते राहून गेले तर पहाटे तीन वाजता घरातले सगळे दिवे एकदम पेटतात.

वायफायचा राउटर तर वीज गेल्याबरोबर मान टाकतो, आणि वीज आल्यावरही इंटरनेट परतायला वेळ घेतो. तेवढ्या वेळात मोबाइलवरचे बटण निरुपयोगी असते. भिंतीवरचे नसते, डबीला वीज मिळाली की खटक्याचा निरोप इंटरनेटविनाच पोहोचतो. डबीच जळाली तर मात्र तोही खुंटतो. म्हणून जुन्या घरात हे काम करताना जाणता वायरमन सगळे दिवे डबीवर घेत नाही. स्वयंपाकघरातला किंवा ओसरीवरचा एक दिवा तो थेट जुन्या बटणावरच ठेवतो, फेजची तार जशीच्या तशी, मध्ये काहीही न घालता. आणि बोर्ड बंद करण्याआधी तोच खटका दोनदा वाजवून पाहतो.